मोगीच्या कोठारापर्यंत

सुरतेहून धुळ्याकडे येणारा महामार्ग नवापूर सोडतो आणि कोंडाईबारीच्या घाटाला भिडायच्या आधी विसरवाडीत शिरतो. इथूनच एक फाटा खांडबाऱ्यावरून नंदुरबारकडे जातो. गावाला सरपणी नदीची सोबत आहे आणि रात्रंदिवस न थांबणाऱ्या मालट्रकांची. एरवी विसरवाडी म्हणजे टायरची दुकानं, चहाच्या टपऱ्या, बाजाराला आलेली मावची आणि कोकणी आदिवासी माणसं, एसटीची वाट पाहणारी कॉलेजची मुलं. माघ संपत आला की या गर्दीत वेगळी माणसं दिसू लागतात. पिकअप गाडीच्या हौद्यात अख्खं कुटुंब दाटीवाटीनं बसलेलं असतं, आणि मधल्या बाईच्या मांडीवर बांबूची नवी कोरी टोपली, कापडानं झाकलेली. गाडी थांबली तरी ती टोपली खाली ठेवत नाहीत.

टपरीवर शेजारी बसलेल्या एका म्हातारीला मी विचारलं, "आजी, कुठं निघालात?"

"याहाकडे," ती म्हणाली. मावची, देहवाली, वसावी या इथल्या बोलींत याहा म्हणजे आई. मग मी कुठून आलो, जेवलो का, हे तिनंच विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "एवढ्या लांबून आलास तर मोगीला भेटून जा. रिकाम्या हातानं नको जाऊ मात्र."

याहामोगी, देवमोगरा माता, मोगी माता. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या वसावे, पाडवी, वळवी, गावित, तडवी, नाईक अशा कितीतरी कुळांची ही कुलस्वामिनी. तिचं मोठं मंदिर गुजरातेत नर्मदा जिल्ह्यातल्या सागबारा तालुक्यात देवमोगरा या गावी आहे. पण ती तिथली मूळची नव्हे, असं इथला प्रत्येक जाणता माणूस सांगतो. तिची गादी, तिचं माहेर, सगळ्या पूर्वजांचं ठाणं डाबला. हे डाब महाराष्ट्रात आहे, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पठारावर. देवीचं देऊळ एका राज्यात आणि तिचं मूळपीठ दुसऱ्या राज्यात, अशी ही वाटणी आहे.

विसरवाडीच्या लोकांना या वाटणीचं नवल वाटत नाही. त्यांचं जवळचं नवापूर रेल्वे स्थानकच दोन राज्यांत विभागलेलं आहे. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतली १५६ गावं गुजरातकडे गेली. भाऊ इकडे राहिला, बहीण तिकडे गेली. शाळेची भाषा बदलली, सातबाऱ्याची लिपी बदलली. यात्रा मात्र एकच राहिली.

मोगीची कथा एका बैठकीत कुणी सांगत नाही. ती गायली जाते, आणि गाणारे रात्र रात्र गातात. या प्रदीर्घ कथागीतांना रोडाली म्हणतात. त्यांत राजा पांठा येतो, गांडा ठाकूर येतो, विना देव येतो. डाबच्या दरबारातली भांडणं, लग्नं, शिकारी, रुसवेफुगवे येतात. मोगी कुणाची मुलगी, कुणाची राणी, याबद्दल गावागावांत पाठभेद आहेत, आणि प्रत्येक गाव आपला पाठ ठामपणे गातं. एका बाबतीत मात्र सगळे एक होतात. सातपुड्यात वर्षानुवर्षं पाऊस पडला नाही. नद्या आटल्या, जनावरं मेली, माणसं झाडपाला खाऊन राहू लागली. त्या वेळी मोगीनं आपलं धान्याचं कोठार उघडलं. दारात आलेल्या कुणालाही तिनं परत पाठवलं नाही, आणि कोठार रिकामं झालं नाही.

या कथेत युद्ध कुठंही निर्णायक नाही. कुणाला मारून ही राणी मोठी झाली नाही. तिचं राणीपण सिद्ध झालं ते तिनं धान्य वाटलं म्हणून. महाराष्ट्रातल्या देवींच्या कथा ऐकत वाढलेल्या मला हे फार वेगळं वाटलं. आपल्याकडं देवी म्हटली की पायाखाली महिषासुर असतो. इथं तिच्या पायाशी टोपली आहे. शेजारच्याच डांग-साक्रीच्या कोकणी आणि पलीकडच्या वारली लोकांत धान्याची देवी कणसरी आहे, तिचीही गाणी आहेत, तिची शपथही घेतात. मोगी आणि कणसरी यांना काही ठिकाणी एकच मानतात. डोंगराळ जमिनीत पावसाच्या भरवशावर पिकवणाऱ्या माणसांनी देवत्व कुठं पाहिलं असेल, तर ते दाण्यात.

विसरवाडीहून मी खांडबारा, नंदुरबार असा निघालो. पुढं हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडली की तळोदा येतं. केळी, ऊस, पपई असा हिरवागार पट्टा लागतो आणि उजव्या हाताला सातपुड्याची निळी भिंत चालू राहते. अक्कलकुव्यानंतर खापर, आणि मग गुजरातची हद्द. सागबारा फार दूर नाही. महाशिवरात्रीच्या आसपास हा रस्ता माणसांनी वाहत असतो. मध्य प्रदेशातून, भरूच-सुरतेकडून, नंदुरबार-धुळ्याकडून आलेले जथे एकमेकांत मिसळतात. पुष्कळ जण पायी असतात. पायी येणाऱ्यांच्या डोक्यावर टोपली, खांद्यावर कोंबडा किंवा दोरीला बकरा, आणि पुढं ढोल.

देवमोगऱ्याची यात्रा पाच दिवस भरते. मंदिर पॅगोडाच्या धाटणीचं, छपरावर छप्पर चढत गेलेलं. साग-बांबूच्या डोंगरात ते उठून दिसतं. रांग लांबलचक असते, पण चिडचिड फारशी दिसत नाही. टोपलीत काय असतं, ते रांगेत उभं राहिल्यावर हळूहळू कळतं. नव्या पिकाचं धान्य, तांदूळ, नारळ, कुंकू, चोळीचं कापड, अगरबत्ती, आणि मोहाच्या दारूची बाटली. शेतात जे आलं त्यातलं पहिलं मोगीचं. तिच्यापुढं ठेवायचं, थोडं तिथं सोडायचं आणि उरलेलं घरी नेऊन आपल्या धान्यात मिसळायचं. माझ्या पुढं उभ्या असलेल्या बाईनं सांगितलं, "हे दाणे कोठीत टाकले की कोठी भरलेली राहते." तिच्या घरी कोठी म्हणजे शेणामातीनं सारवलेली बांबूची कणगी. त्या कणगीचा धागा थेट डाबच्या कोठाराशी जोडलेला आहे, हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

दारूचा विषय निघाला आहे तर थोडं थांबायला हवं. शहरातून येणारे इथल्या नैवेद्यातली मोहाची दारू पाहून नाक मुरडतात. मोहाचं झाड हे या डोंगरात अन्न आहे, तेल आहे, औषध आहे, लग्नाचा साक्षीदार आहे. पूर्वजांच्या नावानं जमिनीवर धार सोडल्याशिवाय कुठलंही शुभकार्य पुढं सरकत नाही. तरीही याच भागात दारू सोडण्याच्या दोन मोठ्या लाटा येऊन गेल्या, आणि दोन्ही आतूनच आल्या. १९२२ साली दक्षिण गुजरात आणि लगतच्या आदिवासी गावांत सालाबाई नावाची देवी माणसांच्या अंगात येऊ लागली. दारू सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या गुत्तेवाल्याच्या शेतावर मजुरीला जाऊ नका, असं ती त्यांच्या तोंडून सांगू लागली. गुत्ते आणि जमिनी एकाच सावकाराच्या हातात होत्या, म्हणून त्या आज्ञेला धार होती. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर पुस्तक लिहिलं. त्यानंतर ती इतिहासाच्या अभ्यासात आली. दुसरी लाट १९३७-३८ची. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी 'आप की जय' असं एकमेकांना अभिवादन करायला शिकवलं. समोरच्या माणसाला 'आप' म्हणायचं, म्हणजे मानानं बोलायचं. वेठबिगारीत वाढलेल्या, कायम अरेतुरे ऐकलेल्या माणसांना हा शब्द किती मोठा वाटला असेल! हजारोंनी माणसं मोरवडला जमली आणि दारू सोडून गेली. आजही देवमोगऱ्याच्या रांगेत दोन्ही प्रकारची कुटुंबं शेजारी शेजारी उभी असतात, एकाच्या टोपलीत मोहाची बाटली आणि दुसऱ्याच्या फक्त नारळ. मोगीच्या दारात कुणी कुणाला अडवत नाही.

रात्री ढोल सुरू झाले. पावरी या वाद्याचा सूर लांबून येत होता. मला या गर्दीत सारखी आठवण येत होती ती आफ्रिकेतल्या एका गावाची, जे मी फक्त पुस्तकांतून ओळखतो. नायजेरियाच्या उत्तर टोकाला कात्सिना राज्यात दौरा नावाचं शहर आहे. हौसा लोक त्याला आपलं मूळगाव मानतात. तिथं म्हणे एकामागून एक राण्या राज्य करत. काबारा ही त्यांची पदवी. पहिली कुफुरू, मग पुढच्या, आणि या ओळीत गाजलेली दौरामा. या राण्या राज्यकर्त्या होत्या आणि दैवतांशी बोलणाऱ्याही. प्रजेचं पाणी, पीक, आरोग्य त्यांच्या अनुष्ठानावर अवलंबून होतं असं मानलं जाई. दौऱ्यात कुसुगू नावाची विहीर आहे. तिच्यात एक महासर्प राहत असे आणि तो आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी, पाणी भरू देत असे. बगदादहून आलेल्या बयाजिद्दा नावाच्या परक्या राजपुत्रानं त्याला मारलं, राणीनं त्याच्याशी लग्न केलं, आणि त्यांच्या वंशातून हौसांची सात राज्यं उभी राहिली: दौरा, कानो, कात्सिना, झाझाऊ, गोबीर, रानो, बिराम. ती विहीर आजही जपलेली आहे, लोक पाहायला जातात.

दौऱ्यात पाणी अडलं होतं, सातपुड्यात धान्य. दोन्हीकडं पूर्वजांचं ठाणं एका राणीच्या नावानं ओळखलं जातं. पण दौऱ्याची कथा पुढं वळण घेते. साप मेल्यावर गादी हळूहळू पुरुषांकडं जाते, राजांच्या याद्या सुरू होतात आणि राण्यांची परंपरा मागं पडते. तिची खूण राहते ती 'मगाजिया' या पदवीत, जी राजघराण्यातल्या ज्येष्ठ स्त्रीला मिळते. आणि बोरी नावाच्या अंगात येण्याच्या जुन्या पंथात, जिथं अजून बायकांना मान आहे. पुढं सोळाव्या शतकात झाझाऊची अमिना तलवार घेऊन उभी राहिली. तिच्या कथा हौसा मुलं अजून ऐकतात. सातपुड्यात राजा पांठा आहे, त्याचा मानही मोठा आहे. पण पाच दिवसांची यात्रा राणीची आहे, आणि शपथेला नाव तिचं आहे.

याच डोंगररांगेत पूर्वेला, पावरा आणि भिलाला लोकांत, राणी काजल आहे. पाऊस तिच्याकडं मागायचा. बडवा, म्हणजे इथला भगत, रात्रभर गातो तेव्हा राजा पांठा, राणी काजल, गांडा ठाकूर अशी नावं एकापाठोपाठ येत जातात आणि ऐकणाऱ्याला आपण कुठल्या माणसांच्या पोटचे हे पुन्हा एकदा कळतं. सातपुड्याला राण्यांची वाण कधी नव्हती.

देवमोगऱ्याहून मागं अक्कलकुव्याला आलो आणि डाबचा रस्ता धरला. अक्कलकुवा ते मोलगी या रस्त्यावर देवगोईचा घाट लागतो. पावसाळ्यात इथं दरडी कोसळतात, रस्ता बंद पडतो आणि पलीकडच्या गावांचा तालुक्याशी संबंध तुटतो; बाळंतिणीला झोळीत घालून आणल्याच्या बातम्या याच भागातून येतात. माघ-फाल्गुनात मात्र घाट सुरेख दिसतो. सालई पानं गाळून उभी असते, पळस पेटलेला असतो, मोहाखाली पहाटे टोपल्या घेऊन बसलेली मुलं-म्हाताऱ्या दिसतात.

वर पोचल्यावर हवा एकदम बदलते. डाब हे थंड गाव आहे. जुन्या गाण्यांत त्याला हेलाडाब म्हटलेलं आहे. डिसेंबर-जानेवारीत इथं दवबिंदू गोठतात, गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर बर्फाचा पातळ पापुद्रा चढतो. नंदुरबार शहरात उन्हाळ्यात जीव नकोसा करणारं ऊन ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे खरं वाटत नाही. या थंडीचा फायदा घेऊन गेल्या काही वर्षांत इथल्या शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी लावली आहे. पूर्वजांच्या राजधानीत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आच्छादनावर लाल फळं पिकलेली पाहून मला आनंद झाला. पलीकडं मोलगीच्या बाजारात आमचूर विकलं जातं. एप्रिल-मे महिन्यात घराघरांतल्या बायका कैऱ्या चिरून कौलांवर वाळवतात आणि व्यापारी तो माल गोळा करून दूरदूर पाठवतात. मेहनत बायकांची, भाव व्यापाऱ्याचा, ही तक्रार या भागात कुठंही ऐकायला मिळते आणि ती रास्त आहे.

राजधानी म्हटल्यावर डोळ्यांपुढं तट, बुरूज, पडका वाडा येतो. डाबला तसं काही नाही. बांबूच्या तट्ट्यांची, मातीनं लिंपलेली, एकमेकांपासून लांब लांब विखुरलेली घरं, उतारावरची शेतं, झाडाखालची देवस्थानं. सातपुड्यात देवाला छप्पर लागत नाही. शिळा, लाकडी खांब, मातीचे घोडे, शेंदूर, एवढ्यावर देव बसतो. सोबत आलेल्या तरुणानं हात लांब करून एकेक जागा दाखवली. इथं पांठाचा दरबार. तिकडं गांडा ठाकूर. ही वाट मोगी जायची ती. तो हे शाळेतला धडा म्हणून सांगत नव्हता. आपल्या आजोबांचं घर दाखवावं तसं दाखवत होता. मी पायातले जोडे केव्हाच काढून हातात घेतले होते.

इतिहासकार इथं येऊन शिलालेख शोधेल तर त्याला काही मिळणार नाही. म्हणून डाबला इतिहास नाही, असं म्हणायचं का? मला ते पटत नाही. खानदेशावर राज्य करणारे सुलतान, मुघल, पेशवे, इंग्रज या सगळ्यांची कागदपत्रं आहेत, आणि त्या सगळ्यांत भिल्ल येतो तो बहुधा दरोडेखोर किंवा बंडखोर म्हणून. भिल्लांनी स्वतःबद्दल जे जपलं ते गाण्यात जपलं. त्या गाण्यात सन नाही, पण नद्यांची नावं आहेत, डोंगरांची, कुळांची, पिकांची आहेत. आणि दुष्काळ आहे. दुष्काळ काही कल्पनेतला नाही. १८९९-१९००चा, विक्रम संवत १९५६चा म्हणून छप्पनचा म्हटला जाणारा दुष्काळ गुजरात-खानदेशातल्या भिल्ल मुलखात माणसांचे ढीग घालून गेला. त्याच्या आधी असे किती आले असतील! मोगीचं कोठार ज्या माणसांनी गाण्यात उभं केलं, त्यांनी उपाशी पोरं पाहिली होती.

सातपुड्यातल्या होळ्यांत डाबच्या होळीला आद्य मान आहे, तिला देवांची होळी म्हणतात. मग बाकीच्या गावांच्या होळ्या. त्यांत काठीची राजवाडी होळी सगळ्यांत मोठी. काठी हे जुन्या मेवासी संस्थानांपैकी एक. तिथली होळी इ.स. १२४६ पासून चालत आली आहे असं परंपरा सांगते. उंचच उंच बांबू गुजरातच्या जंगलातून पायी आणतात. त्याचा खड्डा कुठलंही अवजार न घेता हातांनी उकरतात. नवस केलेले पुरुष बावा, बुध्या, मोरखी होतात. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरू आणि सुकलेले दुधी, डोक्यावर मोरपिसांचा टोप. त्याआधीचे दिवस त्यांची पालनी असते: जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, आपलं जेवण आपण शिजवायचं. रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. हे सगळं याहामोगी आणि राजा पांठा यांच्या नावानं.

आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे, पण ते टाळून डाबचं वर्णन पुरं होणार नाही. राणीला आई मानणाऱ्या याच डोंगरांत बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, कधी जिवानिशी मारलंही जातं. मूल दगावलं, जनावर मेलं की बडव्याकडं जायचं, आणि त्यानं दाणे पाहून नाव घ्यायचं. ते नाव बहुतेकदा विधवेचं असतं, एकटीचं असतं, जिच्या नावावर थोडी जमीन आहे तिचं असतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते नंदुरबार जिल्ह्यात वर्षानुवर्षं याविरुद्ध गावोगाव फिरत आहेत. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि कुणाला असं ठरवणं गुन्हा झाला. कायद्यानं पोलिसांना हात मिळाले. मनं बदलायचं काम बाकी आहे. मी त्या तरुणाला हे विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मोगी आज आली असती तर तिलाही म्हणाले असते. एकटी होती, आणि घरात एवढं धान्य." हा मुलगा शिक्षक व्हायची तयारी करतो आहे. त्याच्यासारखे डोंगरात पुष्कळ आहेत, आणि हे काम शेवटी तेच करतील.

पूजेचे मानकरीही बहुतेक पुरुषच. पुजारा पुरुष, बडवा पुरुष, रोडाली गाणारे पुरुष. दौऱ्यात जशी राण्यांची सलग ओळ सांगतात, तशी मोगीची ओळ इथं कोण चालवतं, हा प्रश्न डोक्यात घेऊन मी मोलगीवरून पुढं धडगावकडं गेलो.

वाटेत भूक पाठ सोडत नाही. अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके महाराष्ट्राला कुपोषणासाठी माहीत आहेत. अन्नदात्या राणीच्या मुलखात मुलं वजनानं कमी भरतात, यापेक्षा मोठी लाज दुसरी कुठली? या उपासमारीचं मूळ लोकांच्या आळसात नाही. जंगल सरकारजमा झालं. सपाटीवरच्या जमिनी सावकारांच्या आणि बड्या शेतकऱ्यांच्या नावावर गेल्या. १९७१ साली शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीत धान्यावरूनच आदिवासींवर गोळीबार झाला, आणि पुढच्या वर्षी अंबरसिंग महाराजांच्या साथीनं श्रमिक संघटना उभी राहिली. उकाई धरणाच्या पाण्यानं नवापूरकडच्या गावांना उठवलं, सरदार सरोवरानं महाराष्ट्रातली ३३ गावं बुडवली. काहींना पर्यायी जमीन मिळाली, काहींना मिळाली नाही. पण काठावरच्या झाडाखालचा देव उचलून कुठं न्यायचा, याचं उत्तर कुठल्याच पुनर्वसन आराखड्यात नव्हतं.

धडगाव तालुक्यात हारणखुरी नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी बाएफ संस्थेच्या मदतीनं आपली जुनी बियाणी गोळा करून जपायला घेतली. मका आणि ज्वारीचे स्थानिक वाण, आणि भादी, बंटी, मोर ही भरडधान्यं. पांढरा मका, पिवळा मका, लाल-जांभळ्या दाण्यांचा मका. एखादी ज्वारी उंच, एखादी बुटकी, एखादी पाऊस लांबला तरी तग धरणारी. या वाणांची नावं, कुठल्या उतारावर कुठला पेरायचा, कुठल्याची भाकर मऊ होते आणि कुठल्याचा कडबा गुरं आवडीनं खातात, हे ज्ञान प्रामुख्यानं बायकांकडं आहे. कणसं निवडतात त्या, राखेत घोळून मडक्यात किंवा कणगीत भरतात त्या, आणि पेरणीच्या वेळी शेजारणीला पसाभर देतात त्याही. दिलेलं बियाणं पीक आल्यावर थोडं वाढवून परत करायचं, असा रिवाज आहे. बाजारातून संकरित बियाणं आलं तेव्हा हे वाण नाहीसे होऊ लागले होते. ते राहिले ते कुणातरी आजीनं चुलीवरच्या माळ्यावर टांगून ठेवलेल्या कणसांमुळं.

त्या शेतकऱ्यांनी स्थापन केलेल्या समितीचं नाव याहामोगी माता बियाणे संवर्धन समिती. केंद्र सरकारच्या पीक वाण संरक्षण प्राधिकरणानं या समितीचा राष्ट्रीय पुरस्कारानं गौरव केला. बियाणं मागायला येणाऱ्याला अजूनही पैशाबद्दल नंतर विचारतात. आधी विचारतात, शेत उतारावर आहे की सपाटीला. मी म्हटलं, आमच्याकडं कुंडीएवढीच माती आहे. तिथल्या बाईनं तरीही मूठभर मोर कागदात बांधून दिला, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर टाका म्हणून सांगितलं.